पी ०२९९ : हरवलेल्या हवेचा हिशेब

मोटारगाडीच्या चालकासमोरच्या फलकावर एंजिनाच्या आकाराचा एक लहानसा पिवळा दिवा असतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि एंजिन सुरू झाले की विझतो. प्रवासात मात्र तो मध्येच लागला आणि लागूनच राहिला, तर एंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकाला काही तरी खटकले आहे असे समजावे. काय खटकले, हे तो एका संकेतांकाने सांगतो. गॅरेजमधला मेकॅनिक स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा टोकांच्या खोबणीत स्कॅनर जोडतो आणि स्कॅनरच्या पडद्यावर एक अक्षर व चार अंक उमटतात. घाट चढताना ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार असलेल्या डिझेल मोटारीत हा संकेतांक पुष्कळदा ‘पी ०२९९’ असा असतो.

‘पी ०२९९’ म्हणजे ‘टर्बो गेला’, असा अर्थ सर्रास लावला जातो. टर्बो बदलायचा म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. तो खर्च करूनही पुढच्याच घाटात तोच दिवा पुन्हा लागला, असे घडू शकते. कारण संकेतांकाने टर्बो बिघडला असे म्हटलेलेच नसते. मग त्याने नेमके काय म्हटलेले असते? आणि त्यावरून खरा दोष कसा शोधायचा? यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेतच शिकलेले आहात. दाब, घनता, निरपेक्ष तापमान आणि वस्तुमानाची अक्षय्यता, एवढी शिदोरी पुरेशी आहे.

एंजिनाची भूक

एंजिनाला इंधन लागते हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याला हवा किती लागते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आपण एक उदाहरण घेऊ.

दीड लिटर क्षमतेचे चार धावांचे एक डिझेल एंजिन मिनिटाला २००० फेरे करीत आहे. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेतो. म्हणजे दोन फेऱ्यांत दीड लिटर, मिनिटाला १००० वेळा दीड लिटर, अर्थात १५०० लिटर. म्हणजेच सेकंदाला २५ लिटर. (सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असे आपण हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहे. प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो.)

समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाला अशा एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१५ ग्रॅम भरते. तेव्हा आपले एंजिन सेकंदाला सुमारे २९ ग्रॅम हवा घेते.

आता डिझेलकडे वळू. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते. पण एंजिनात इंधन व हवा मिसळण्यास फार थोडा वेळ मिळत असल्याने हवा थोडी जास्तच असावी लागते. ती कमी पडली तर न जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. आपण एका ग्रॅमला २० ग्रॅम हवा असे प्रमाण धरू. २९ ग्रॅम हवेत सेकंदाला १.४५ ग्रॅम डिझेल जळेल. एका ग्रॅमपासून सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता मिळते, म्हणजे एकूण ६२ किलोज्यूल. तिच्यापैकी ३७ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर झाले, तर एंजिनाची शक्ती सुमारे २३ किलोवॅट होईल.

यापेक्षा जास्त शक्ती हवी असेल तर? जास्त डिझेल फवारणे सोपे आहे. त्यासाठी पंप आहेच. अडचण हवेची आहे. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. त्याच आकारमानात अधिक वस्तुमानाची हवा बसवायची, तर तिची घनता वाढविली पाहिजे. म्हणजेच हवा आधी दाबून मग सिलिंडरात पाठविली पाहिजे. टर्बोचार्जर हेच काम करतो.

धुराकडून करून घेतलेले काम

टर्बोचार्जरची रचना ऐकायला सोपी आहे. एका आखूड दांड्याच्या दोन टोकांना दोन पातेचक्रे बसविलेली असतात. एंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एका चक्रावर आदळून त्याला फिरवतात. हे टर्बाइन. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून घेते आणि दाबून एंजिनाकडे पाठवते. हा कॉम्प्रेसर. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग अशा रीतीने कामी लागतो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले.

हे चक्र किती वेगाने फिरते? मोटारीतील लहान टर्बो मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे करू शकतो. कॉम्प्रेसरच्या चक्राचा व्यास ४५ मिलिमीटर व फेरे मिनिटाला १ लाख ८० हजार धरले, तर चक्राच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४२४ मीटर येतो. हा हवेतील ध्वनीच्या वेगाहून जास्त आहे! एवढ्या वेगाला साधे छर्रे असलेले बेअरिंग सहसा वापरत नाहीत. बहुतेक टर्बोंचा दांडा वंगण तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. म्हणून वेळेवर तेल न बदलणे हा टर्बोचा मोठा शत्रू आहे.

आता पुन्हा आपल्या एंजिनाकडे येऊ. टर्बोने हवेचा दाब १०० वरून २०० किलोपास्कलपर्यंत नेला. मग हवेची घनता दुप्पट झाली का? नाही. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते हे तुम्ही अनुभवले असेल. हवा वेगाने दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. आपल्या टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे १२५ अंशांपर्यंत तापलेली असेल. निरपेक्ष तापमानात सांगायचे तर ३०३ केल्व्हिनची हवा ३९८ केल्व्हिन झाली. वायूच्या नियमानुसार

२९ × (२०० ÷ १००) × (३०३ ÷ ३९८) = ४४ ग्रॅम

एवढीच हवा दर सेकंदाला मिळेल. म्हणून टर्बो आणि एंजिन यांच्यामध्ये एक शीतक बसवितात. त्याला इंटरकूलर म्हणतात. त्याने हवा ६० अंशांपर्यंत, म्हणजे ३३३ केल्व्हिनपर्यंत थंड केली, तर

२९ × (२०० ÷ १००) × (३०३ ÷ ३३३) = ५३ ग्रॅम

हवा मिळते. आता सेकंदाला २.६५ ग्रॅम डिझेल जाळता येईल आणि शक्ती २३ वरून सुमारे ४२ किलोवॅटपर्यंत जाईल. एंजिन तेच, फेरे तेवढेच. फरक फक्त हवेचा. ही हवा दाबण्यासाठी कॉम्प्रेसरला जवळजवळ ५ किलोवॅट शक्ती लागते. शेतातल्या विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाला लागते त्याहून ही जास्त आहे आणि ती सगळी बाहेर टाकलेल्या वायूंकडून मिळते.

उंचीवर या युक्तीचे महत्त्व अधिकच कळते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे ‘लिबर्टी’ एंजिन सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन तिथल्या विरळ हवेत २३० अश्वशक्तीच देऊ लागले. टर्बो जोडल्यावर मात्र त्याच जागी त्याने ३५६ अश्वशक्ती दिली.

संकेतांकाचे व्याकरण

वाहनाने आपल्या दोषाची नोंद आपणच ठेवावी ही व्यवस्था मुख्यतः हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी आली. अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या मोटारींना एकाच पद्धतीची खोबण आणि एकाच पद्धतीचे संकेतांक सक्तीचे झाले. युरोपात व पुढे भारतातही अशी व्यवस्था आली. आज बनणाऱ्या भारत स्टेज ६ मानकाच्या मोटारींत ती असतेच. हे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले.

संकेतांकातले प्रत्येक स्थान काही तरी सांगते. पहिले अक्षर ‘पी’ म्हणजे दोष एंजिन व शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेशी निगडित आहे. त्यानंतरचे शून्य सांगते की हा संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहे. तिथे १ असता तर तो त्या कंपनीने स्वतः ठरविलेला असता. पुढचा २ हा आकडा इंधन व हवा यांच्या पुरवठ्याकडे बोट दाखवतो. शेवटचे ९९ त्या गटातल्या विशिष्ट नोंदीसाठी आहेत. पी ०२९९ या नोंदीचे शब्द असे आहेत : टर्बोचार्जर अथवा सुपरचार्जर – दाब अपेक्षेपेक्षा कमी. याचाच भाऊ पी ०२३४. त्याचा अर्थ दाब अपेक्षेपेक्षा जास्त.

‘अपेक्षेपेक्षा कमी’ हे शब्द नीट लक्षात घ्या. एंजिनाचा वेग, चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, बाहेरच्या हवेचा दाब व तापमान, यांवरून संगणक ‘या क्षणी नळीत इतका दाब असायला हवा’ असा आकडा काढतो. दुसरीकडे नळीवरचा दाबमापक ‘इतका दाब आहे’ असा आकडा पाठवतो. दोन्हींतला फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला आणि काही सेकंद तसाच राहिला, तर संगणक पी ०२९९ ची नोंद करतो. पुष्कळदा तो डिझेलचा पुरवठाही कमी करतो. गाडी जपून घरापर्यंत जाते, पण जोर धरीत नाही. म्हणजे संकेतांक सांगतो ते एवढेच : दोन आकडे जुळले नाहीत. कोणत्या भागामुळे जुळले नाहीत हे त्यात नाही.

घरातले उदाहरण घ्या. कुकरची शिट्टी नेहमीच्या वेळेत झाली नाही. याचा अर्थ ‘आत दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे’. पण का? झाकणाची रबरी रिंग सैल झाली असेल, शिट्टी नीट बसली नसेल, आत पाणी कमी असेल, किंवा गॅस मंद असेल. शिट्टी झाली नाही म्हणून कोणी आधी शेगडी बदलायला जात नाही. बाजूने वाफ जाते आहे का, हे पाहतो. मोटारीच्या बाबतीतही असेच वागायला हवे.

दाब मोजणारा स्फटिक

संशय आधी मोजणाऱ्यावरच घेऊ, कारण तो तपासणे सर्वांत सोपे आहे. नळीवरच्या दाबमापकात सिलिकॉनचे एक अतिशय पातळ पटल असते. हवेच्या दाबाने ते किंचित वाकते. वाकले की त्यावरच्या रोधकांचा रोध बदलतो. सिलिकॉन व जर्मेनियम यांचा हा गुण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवून दिला. हे रोधक व्हीट्स्टन सेतूच्या पद्धतीने जोडलेले असतात. रोध बदलला की सेतूचा तोल ढळतो आणि विद्युत्‌दाबात फरक पडतो. तो फरक वाढवून संगणकाकडे पाठविला जातो.

समजा, एका मापकाची आखणी अशी आहे : ५० किलोपास्कलला ०.५ व्होल्ट आणि २५० किलोपास्कलला ४.५ व्होल्ट. म्हणजे दर व्होल्टला ५० किलोपास्कल. आता एंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवा. टर्बो थांबलेला आहे. नळीत बाहेरचीच हवा आहे. तेव्हा मापकाने त्या गावचा वातावरणीय दाब दाखवला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे हा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मापकाने १.४ व्होल्ट दिले पाहिजेत. स्कॅनरवर त्या ऐवजी ६० किलोपास्कल दिसले, तर मापक किंवा त्याच्या तारा खोटे बोलत आहेत हे एक पैसाही खर्च न करता कळले.

हवेचा मार्ग

मापक खरा ठरला, तर हवेच्या मार्गाने चालत जाऊ.

पहिला टप्पा कॉम्प्रेसरच्या आधीचा. हवेची गाळणी धुळीने कोंदली असेल किंवा तिच्या नळीत काही अडकले असेल, तर कॉम्प्रेसरला पुरेशी हवाच मिळत नाही.

दुसरा टप्पा कॉम्प्रेसर ते एंजिन. इथे रबरी होज पाइप, त्यांच्या क्लिपा आणि इंटरकूलर येतात. रबराला चीर पडते, क्लिप सैल होते, इंटरकूलरला दगड लागून भोक पडते. दाबलेली हवा तिथून निसटते.

तिसरा टप्पा टर्बाइनच्या बाजूचा. एंजिन व टर्बाइन यांच्यामधले गास्केट फाटले, तर तप्त वायू टर्बाइनला न फिरवताच बाहेर जातात. पुढे सायलेन्सरच्या बाजूस काजळी पकडणारी गाळणी तुंबली, तर टर्बाइनच्या पुढचा दाब वाढतो. टर्बाइन फिरते ते मागच्या व पुढच्या दाबांतल्या फरकावर. फरक कमी झाला की वेग कमी.

चौथी बाब नियंत्रणाची. काही टर्बोंना वेस्टगेट नावाचे छोटे दार असते. दाब पुरेसा झाला की ते उघडते आणि जादा वायूंना टर्बाइनला बगल देऊन जाऊ देते. हे दार उघडेच अडकले तर दाब तयार होत नाही. अनेक डिझेल गाड्यांत दाराऐवजी टर्बाइनभोवती हलत्या पट्ट्या असतात. एंजिनाचा वेग कमी असताना त्या वायूंची वाट अरुंद करतात. बागेतल्या नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोराने उडते, तसे वायू मग वेगाने चक्रावर आदळतात. काजळीने या पट्ट्या जाम होतात. किंवा त्यांना हलवणाऱ्या यंत्रणेची पेन्सिलपेक्षाही बारीक रबरी नळी तडकते.

पाचवी बाब फेरवापराच्या झडपेची. प्रदूषण कमी करण्यासाठी काही जळके वायू पुन्हा एंजिनात सोडतात. जोर लावण्याच्या वेळी ही झडप बहुधा बंद असते. ती उघडी अडकली तर टर्बाइनच्या वाट्याचे वायू दुसरीकडेच जातात आणि ताज्या हवेची जागाही अडवतात.

आणि सहावी शक्यता खुद्द टर्बोची : बेअरिंग झिजले आहे, पाती तुटली आहेत.

पाहा, सहा शक्यतांपैकी एकच टर्बोची आहे. आता या सहांतून निवड कशी करायची?

जमा-खर्चाची वही

अनेक डिझेल मोटारींत दाबमापकाबरोबर आणखी एक मापक असतो. तो गाळणीनंतर लगेच, कॉम्प्रेसरच्या आधी बसवलेला असतो. त्यात विजेने तापवलेला पातळ पापुद्रा असतो. जवळून जाणारी हवा त्याला थंड करते. त्यावरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत आली हे कळते. याला हवामात्रा-मापक म्हणू.

म्हणजे दारावर एक पहारेकरी आहे आणि आत कोठीत दुसरा. दारावरचा सांगतो, इतकी हवा आत आली. कोठीतल्या दाबावरून व तापमानावरून आपण काढू शकतो, इतकी हवा एंजिनाने घेतली. वस्तुमान नाहीसे होत नाही आणि नवे निर्माण होत नाही. विद्युत्‌मंडलातल्या एखाद्या बिंदूशी येणारी व जाणारी धारा सारखीच असते असे किर्चॉफ यांचा नियम सांगतो. तोच विचार इथे हवेला लावायचा.

आपली दीड लिटरची गाडी खोपोलीहून बोरघाट चढू लागली आहे असे समजा. एंजिनाचे फेरे २००० आहेत. संगणकाला २०० किलोपास्कल दाब हवा आहे. मिळतो आहे १४० आणि हवेचे तापमान ५० अंश, म्हणजे ३२३ केल्व्हिन आहे. पी ०२९९ ची नोंद झाली. त्या क्षणाचा वेग, भार, तापमान हे आकडेही संगणक सहसा नोंदवून ठेवतो. हवामात्रा-मापक म्हणतो, सेकंदाला ५३ ग्रॅम हवा आत येत आहे. एंजिन किती घेत आहे?

२९ × (१४० ÷ १००) × (३०३ ÷ ३२३) = ३८ ग्रॅम

आत आली ५३, पोहोचली ३८. मग १५ ग्रॅम हवा गेली कोठे? वाटेतच निसटली. टर्बोने आपले काम चोख केले आहे. गळती दुसऱ्या टप्प्यात आहे. एवढी हवा घालवायला १ सेंटिमीटर व्यासाच्या आसपासचे एक भोक पुरते. शोधायचे काय आणि कोठे, हे बॉनेट उघडण्याआधीच कळले.

या हिशेबाचे तीन निकाल संभवतात. पहिला : आलेली हवा जास्त, पोहोचलेली कमी. अर्थ, वाटेत गळती. दुसरा : आलेली कमी, पण सिलिंडरात गेलेली जास्त दिसते. अर्थ, न मोजलेला वायू मधूनच शिरतो आहे. फेरवापराची झडप पाहावी. तिसरा : दोन्ही जुळतात, पण दोन्ही कमी आहेत. अर्थ, गळती नाही, हवाच कमी ओढली जाते आहे. गाळणी, नियंत्रण, टर्बाइनची बाजू आणि शेवटी टर्बो पाहावा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नसल्याने हिशेबात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक राहतो. म्हणून गाडी ठणठणीत असतानाचे आकडे नोंदवून ठेवले असतील तर तुलना अधिक पक्की होते.

यावरून आणखी एक कोडे सुटते. घाटात हटून बसलेली गाडी गॅरेजात नेली की अगदी सुरळीत चालते, असे का? गाडी उभी असताना एंजिनावर भार नसतो. बाहेर पडणाऱ्या वायूंत जोर नसतो, टर्बो मंद फिरतो आणि नळीतला दाब बाहेरच्या दाबाएवढाच राहतो. भोक तिथेच असते. पण आत व बाहेर दाब सारखा असल्यावर त्यातून हवा जाणार कशी? म्हणून जाणते मेकॅनिक एंजिन बंद ठेवून नळीत थोड्या दाबाची हवा भरतात आणि जोडांवर साबणाचे पाणी लावतात. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो, त्याच तत्त्वाने बुडबुडे जागा दाखवून देतात.

तपासण्याचा क्रमही ठरलेला असावा : आधी मापकाची परीक्षा, मग गाळणी, मग होज पाइप व क्लिपा, मग नियंत्रणाच्या बारीक नळ्या व झडपा आणि अखेरीस टर्बो. स्वस्त व सोपे आधी, महाग व अवघड शेवटी. अपवाद एकच. निळा धूर निघत असेल, एंजिनातले तेल भराभर कमी होत असेल किंवा टर्बोतून धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर गाडी चालवू नये. टर्बोतून गळणारे तेल डिझेल एंजिनात शिरले तर ते इंधनासारखे जळते आणि एंजिन आवरेनासे होऊ शकते.

दिवा विझवला म्हणजे दोष गेला का?

स्कॅनरवर एक कळ दाबली की संकेतांक पुसला जातो व दिवा विझतो. काही जण एवढ्यावरच समाधान मानतात. गाडी विकण्याआधी मुद्दाम असे करणारेही आढळतात. पण भोक तसेच राहते. पुन्हा चढ लागला, दोन आकडे पुन्हा विसंगत झाले, की दिवा परत लागतो. मधल्या काळात हवा कमी पडल्याने काजळी वाढते, ती काजळीची गाळणी तुंबवते, आणि पाइपाच्या चिरेचा दोष पुढे महागात पडतो. म्हणून संकेतांक पुसण्याआधी त्याच्यासोबत नोंदलेले आकडे वहीत उतरवून घ्यावेत. दुरुस्तीनंतर त्याच चढावर, तेवढ्याच फेऱ्यांना ते पुन्हा पाहावेत. आकडे जुळले तरच दुरुस्ती झाली असे म्हणावे.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्रे जितकी हुशार होत जातील तितके त्यांचे म्हणणे शब्दशः वाचण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. मापक आकडा देतो, संगणक दोन आकड्यांतला फरक सांगतो. त्या फरकामागचे कारण शोधण्यासाठी निसर्गनियम जाणणारा माणूसच लागतो. तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या गाडीत असा दिवा लागला, तर ‘कोणता भाग बदलायचा?’ याआधी ‘कोणते दोन आकडे जुळले नाहीत?’ हा प्रश्न मेकॅनिककाकांना जरूर विचारा. मात्र चालू एंजिनाजवळ हात नेऊ नका. टर्बाइनचे आवरण एंजिन बंद केल्यावरही बराच वेळ भाजण्याइतके तापलेले असते.

विचार करा

१. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथला वातावरणीय दाब ६५ किलोपास्कल धरला, तर लेखातला दाबमापक एंजिन बंद असताना किती व्होल्ट दाखवील?

२. ४५ मिलिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेचा वेग सेकंदाला ४२४ मीटर आहे. कडेवरील कणाचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या किती पट होईल?

३. एका गाडीत हवामात्रा-मापक सेकंदाला ३६ ग्रॅम दाखवतो. दाब व तापमान यांवरून हिशेब ३७ ग्रॅमचा येतो. अपेक्षित आकडा ५३ आहे. मालक म्हणतो, ‘होज पाइप फुटला असणार.’ तुम्ही त्याच्याशी सहमत आहात का? तुम्ही आधी काय तपासाल?

उत्तरे : १. ०.८ व्होल्ट. २. सुमारे ८ लाख पट. ३. नाही, आलेल्या व पोहोचलेल्या हवेचा हिशेब जुळतो, म्हणून गळती नाही. हवाच कमी ओढली जात आहे. आधी गाळणी, मग वेस्टगेट अथवा पट्ट्यांची नियंत्रण-यंत्रणा तपासावी.